निरीक्षकांना कोण विचारणार?

प्रश्न : बाई, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात केनियाच्या २०१७ च्या निवडणुकीबद्दल वाचलं. परदेशी निरीक्षकांनी मतदान चांगलं झालं म्हणून सांगितलं आणि महिन्याभराच्या आत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. मग त्या निरीक्षकांचं काय झालं? त्यांच्यावर काही कारवाई होते का? ते नेमके कुणाला जबाबदार असतात?
*(एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)*

उत्तर : कारवाई झाली नाही. तशी ती होतही नाही. निरीक्षकाने चुकीचा निष्कर्ष काढला म्हणून त्याला जाब विचारणारं कुठलंही न्यायालय नाही, दंड नाही, अपील नाही. त्याने वर्तनाचे नियम मोडले तर ज्या संस्थेने पाठवलं ती परत बोलावते, किंवा यजमान देश ओळखपत्र काढून घेतो. त्यापुढे काही नाही. म्हणूनच तुझा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला आणि या वेळी सगळ्यात जास्त जागा मी त्यालाच देते आहे.

केनियात काय झालं ते तारखांनिशी बघ. मतदान ८ ऑगस्टला झालं. १० ऑगस्टला युरोपीय संघ, अमेरिकेतली कार्टर सेंटर ही संस्था अशा मोठ्या पथकांनी आपापली प्राथमिक निवेदनं नैरोबीत वाचून दाखवली. कार्टर सेंटरच्या पथकाचं नेतृत्व अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी करत होते, आफ्रिकी संघाच्या पथकाचं दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी. मोठी माणसं, जगभरचे कॅमेरे. आणि निकाल? तो ११ तारखेला रात्री जाहीर झाला. म्हणजे निरीक्षक बोलले तेव्हा बेरीज अजून सुरूच होती.

त्यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. लोक पहाटेपासून रांगेत उभे होते, केंद्रावरचे अधिकारी मेहनतीने काम करत होते, केंद्रावरची मोजणी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर होत होती. पण तिथल्या पद्धतीत प्रत्येक केंद्राचा निकाल ‘३४-अ’ नावाच्या पत्रकावर लिहायचा, त्यावरून मतदारसंघाचं ‘३४-ब’ तयार करायचं आणि हे सगळं संगणकातून राजधानीला पाठवायचं. केंद्रं ४० हजारांहून अधिक. निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांनी उहुरू केन्याटा विजयी झाल्याचं जाहीर केलं तेव्हा सगळी ३४-अ पत्रकं हातात आलेलीच नव्हती. विरोधी उमेदवार राइला ओडिंगा न्यायालयात गेले. न्यायालयाने आयोगाला सर्व्हर तपासू द्या म्हणून आदेश दिला, आयोगाने तो नीट पाळला नाही, आणि १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांनी चार विरुद्ध दोन अशा बहुमताचा निर्णय वाचला : निवडणूक रद्द, साठ दिवसांत पुन्हा घ्या.

निरीक्षकांच्या बाजूचंही सांगायला हवं. निकाल एकत्र करण्याचं काम संपलेलं नाही, कुणाला तक्रार असेल तर त्याने न्यायालयात जावं, असं त्यांच्या निवेदनांत होतं. केरी यांनी ते तोंडीही सांगितलं. पण कौतुक सुरुवातीला आणि अट आत कुठेतरी, अशा मांडणीचं निवेदन दिलं की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फक्त कौतुक छापून येतं, हे इतकी वर्षं या कामात असलेल्या माणसांना ठाऊक असतंच. बोलण्याची वेळ त्यांनी निवडली होती, शब्दही त्यांनीच निवडले होते. त्याची जबाबदारी त्यांची आहे.

मी स्वतः महाविद्यालयात शिकवत असताना पाटण तालुक्यात केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं आहे. आदल्या दिवशी साहित्य घेऊन एस.टी.ने जायचं, शाळेच्या वर्गात रात्र काढायची, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, ती मतं पुसून यंत्र शून्यावर आणायचं. मतदान सुरू झालं की खरं सांगायचं तर दिवस आपोआप पुढे जातो. कस लागतो तो मतदान संपल्यावर. यंत्रावरची एकूण मतं, मतदार नोंदवहीतल्या सह्या, नमुना १७-सी (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा कागद) मधला आकडा, हे तिन्ही जुळायला हवं. यंत्राला मोहोर लागायला हवी, मोहोरेवर प्रतिनिधींच्या सह्या हव्यात, १७-सी ची प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात पडायला हवी. त्यानंतर अंधारात घाट उतरून साहित्य जमा करायचं आणि तिथल्या टेबलावर पुन्हा एकदा आकडे दाखवायचे. दुपारी कुणी पाहुणा येऊन माझं केंद्र बघून गेला असता तर त्याला सगळं उत्तमच दिसलं असतं. त्याने रात्री साडेनऊला यायला हवं होतं.

आता जबाबदार कुणाला, ते. निरीक्षकांचे मालक दोन. ज्यांनी पैसे देऊन पाठवलं ते, आणि ज्यांनी बोलावलं ते सरकार, कारण यजमान देशाच्या निमंत्रणाशिवाय पथक येऊच शकत नाही. दोघांचेही आपापले हितसंबंध असतात. ज्यांच्या मताचा हा सगळा मामला, त्या मतदारांशी मात्र निरीक्षकाचा कुठलाही करार नसतो. ही अडचण ओळखूनच २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांमध्ये बऱ्याच संस्थांनी मिळून आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाची तत्त्वं आणि निरीक्षकांची आचारसंहिता स्वीकारली. निःपक्षपाती राहायचं, कामात अडथळा आणायचा नाही, भेटवस्तू घ्यायच्या नाहीत, पडताळता येईल अशा पुराव्यावरच निष्कर्ष काढायचे, पथकाच्या निवेदनाआधी परस्पर माध्यमांशी बोलायचं नाही, आणि अहवाल वेळेत लोकांपुढे ठेवायचा. चांगला दस्तऐवज आहे. पण तो पाळला की नाही हे बाहेरून तपासणारा कुणी नाही. सही करणाऱ्या संस्थांनी स्वतःच्या शब्दाला जागायचं, एवढाच आधार.

तो आधार किती कच्चा असतो याचं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण झिम्बाब्वेचं आहे. मार्च २००२ मध्ये रॉबर्ट मुगाबे अध्यक्षपदी पुन्हा निवडून आले. दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत निरीक्षक पथकाने तो निकाल वैध मानला. राष्ट्रकुलाच्या पथकाने मात्र कडक टीका केली आणि त्याच महिन्यात झिम्बाब्वेचं राष्ट्रकुलातलं सदस्यत्व निलंबित झालं. इथपर्यंत दोन पथकांची दोन मतं असं म्हणता येईल. पण तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष असलेल्या म्बेकी यांनी आपले दोन न्यायाधीशही वेगळे पाठवले होते, सिसी खाम्पेपे आणि डिकगांग मोसेनेके. त्यांनी हिंसा, धमक्या, बदललेले कायदे या सगळ्याचा विचार करून लिहिलं की ही निवडणूक मुक्त आणि न्याय्य मानता येत नाही. तो अहवाल अध्यक्षांच्या कपाटात गेला. एका वृत्तपत्राने तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली तो मागितला, सरकार प्रत्येक पायरीवर नाही म्हणत राहिलं, आणि तो लोकांसमोर आला नोव्हेंबर २०१४ मध्ये. बारा वर्षं! त्या बारा वर्षांत झिम्बाब्वेच्या माणसांनी काय काय सोसलं याचा विचार करून बघ. ज्यांच्याबद्दल तो अहवाल होता त्यांनाच तो वाचायला मिळाला नाही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराची लढाई जवळून पाहिलेल्या माझ्या पिढीला हे लगेच कळेल : पाहणाऱ्याने खरं पाहिलं, खरं लिहिलं, तरी कागद दाबून ठेवला तर त्या पाहण्याचा उपयोग शून्य.

अझरबैजानमध्ये ऑक्टोबर २०१३ ला तर एकाच मतदानाची दोन चित्रं रंगवली गेली. तिथल्या निवडणूक आयोगाच्या मोबाइल अ‍ॅपवर मतदानाच्या आदल्या दिवशीच ‘निकाल’ दिसले होते. युरोपच्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या दीर्घकाळ तिथे राहिलेल्या तज्ज्ञांनी मोजणीतल्या गंभीर गडबडी नोंदवल्या. आणि दोन युरोपीय संसदीय मंडळांच्या सदस्यांनी संयुक्त निवेदन काढून मतदानाच्या दिवसाची प्रक्रिया मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक ठरवली. पुढे त्यातल्याच एका मंडळाने, युरोप परिषदेच्या संसदीय सभेने, चौकशी बसवली. एप्रिल २०१८ च्या अहवालात काही सदस्यांनी अझरबैजानच्या फायद्यासाठी लाच आणि भेटी घेतल्याचा दाट संशय नोंदवला गेला, आणि काही माजी सदस्यांना सभेची दारं कायमची बंद झाली. निरीक्षकांना जाब विचारल्याची उदाहरणं मी शोधते तेव्हा हे एक हाती लागतं, आणि तेही पाच वर्षांनी.

दोष फक्त कौतुक करण्यात असतो असं मात्र समजू नकोस. बोलिव्हियात २० ऑक्टोबर २०१९ च्या निवडणुकीत प्राथमिक आकड्यांचं प्रसारण मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं तेव्हा अध्यक्ष इव्हो मोरालेस यांची आघाडी वाढलेली होती. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या निरीक्षकांनी दुसऱ्याच दिवशी हा बदल मोठा आणि समजावून सांगायला कठीण असल्याचं सांगितलं. रस्त्यावर आंदोलनं पेटली, १० नोव्हेंबरला संघटनेने केलेल्या निवडणुकीच्या लेखापरीक्षणाचे प्राथमिक निष्कर्ष आले आणि त्याच दिवशी लष्करप्रमुखांनी सुचवल्यावर मोरालेस यांनी राजीनामा दिला. नंतर काही संशोधकांनी तेच आकडे तपासून दाखवलं की हा कल उशिरा मोजल्या गेलेल्या भागांवरून समजावता येतो. संघटना आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली, आणि लेखापरीक्षणात इतर गंभीर अनियमितताही होत्या, हे खरं. पण आकडेशास्त्राचा इतका जड दावा चोवीस तासांत करायची घाई कशाला? पुढच्या वर्षी त्याच पक्षाचे लुईस आर्से सुमारे ५५ टक्के मतांनी जिंकले.

मला विचारशील तर निरीक्षकाकडून निवाडा मागूच नये, नोंद मागावी. कोणती केंद्रं पाहिली, किती वाजता, किती वेळ, काय भरलं त्या तक्त्यात, मोजणीला किती ठिकाणी थांबलात, कुठे आत जाऊ दिलं नाही, पथकाचा खर्च कुणी केला, हे सगळं उघड ठेवावं म्हणजे दुसरा कुणी ते तपासू शकेल. निकालाची बेरीज पूर्ण होण्याआधी एकंदर मत देऊ नये. आणि प्राथमिक निवेदन नंतर चुकीचं ठरलं तर अंतिम अहवालात तसं ठळकपणे, पहिल्याच पानावर लिहावं. मलावीमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या निकालपत्रकांवर पांढऱ्या शाईने आकडे खोडून बदलले होते, तिथल्या न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२० ला ती निवडणूक रद्द केली. ती पत्रकं कुणीतरी एकेक करून पाहिली म्हणून ते सापडलं. उत्तरपत्रिकेत केनियासोबत मलावीही लिही.

प्रश्न : आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा, त्यामुळे २०१७ साली मी काठमांडूत होतो. मतदानाच्या दिवशी युरोपीय निरीक्षक गाडीतून आले, दहा-पंधरा मिनिटं थांबले, कागदावर काही लिहिलं आणि गेले. एवढ्याने काय कळतं?
*(विटा, जि. सांगली)*

उत्तर : त्या एका केंद्राबद्दल फारसं कळत नाही, तुमचं बरोबर आहे. तुम्ही पाहिलेली जोडी अल्पकालीन निरीक्षकांची असणार. दोघे जण, एक दुभाषा, एक चालक. सकाळी एका केंद्रावर मतदान सुरू होण्याआधी पोचायचं, दिवसभर ठरलेल्या भागातली केंद्रं फिरायची, प्रत्येक ठिकाणी एकच तक्ता भरायचा आणि संध्याकाळी शेवटच्या केंद्रावर शेवटपर्यंत थांबायचं. असे शेकडो तक्ते एकत्र आले की देशभराचं काही चित्र दिसतं. खरा आधार असतो तो आधीपासून जिल्ह्याजिल्ह्यांत राहणाऱ्या दीर्घकालीन निरीक्षकांचा. मतदारयादी, उमेदवारी अर्जांची छाननी, सभांना परवानगी कुणाला मिळते, सरकारी गाड्या कोण वापरतो, हे ते पाहतात. निवडणूक बिघडवायची असेल तर बहुतेक वेळा ती मतदानाच्या दिवसाआधीच बिघडवली जाते, आणि दहा मिनिटांत ते दिसणं शक्य नाही.

निरीक्षक आल्याने गैरप्रकार थांबतात का, यावर घानामध्ये २००८ च्या मतदार नोंदणीच्या वेळी संशोधकांनी पद्धतशीर पाहणी केली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केंद्रं निवडून तिथे स्थानिक निरीक्षक पाठवले. त्या केंद्रांवर खोटी नोंदणी कमी झाली, पण काही प्रमाणात ती शेजारच्या, निरीक्षक नसलेल्या केंद्रांवर सरकली. म्हणून कुठे जाणार हे आधी कळू न देणं आणि आजूबाजूलाही डोकावणं हे चांगल्या पथकाचं काम.

नेपाळचाच पुढचा भाग तुम्हाला कदाचित आठवत असेल. मार्च २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या पथकाचा अंतिम अहवाल आला, त्यात खस-आर्य (तिथल्या ब्राह्मण, क्षेत्री वगैरे जातींच्या) समाजाला समावेशनाच्या कोट्यातून वगळण्याबद्दल शिफारस होती. त्यावर काठमांडूत मोठा गदारोळ झाला, सरकारने आणि तिथल्या निवडणूक आयोगानेही हरकत घेतली. कोट्यात कोण असावं हा त्या देशाच्या घटनेचा प्रश्न आहे, तो तिथल्या लोकांनी सोडवायचा. मोजणी कशी झाली हे सांगायला आलेल्यांनी त्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आपण जगातली सर्वांत मोठी लोकशाही म्हणवतो, मग परदेशी निरीक्षकांना का बोलावत नाही? भीती कसली?
*(फलटण, जि. सातारा)*

उत्तर : भीती हा एकच धागा नाही. आपल्याकडे निवडणूक आयोगाचे स्वतःचे निरीक्षक असतात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये १९९६ साली ‘२०-ब’ हे कलम आलं. त्यानुसार आयोगाने नेमलेला निरीक्षक सरकारी अधिकारी असतो, आणि मतदान केंद्रं बळकावल्याचं त्याला दिसलं तर तो मोजणी थांबवायला किंवा निकाल जाहीर न करायला सांगू शकतो. परदेशी निरीक्षकाला असा कुठलाही अधिकार नसतो, त्याने फक्त पाहायचं आणि लिहायचं. लोकसभेच्या वेळी हे अधिकारी जिल्ह्यात मुक्कामाला असतात, त्यांचे फोन नंबर जाहीर होतात, सामान्य मतदार त्यांना जाऊन भेटू शकतो. फार थोडे लोक भेटतात.

परदेशी पाहुणे येतातही. सातारा आणि सांगलीचं मतदान ७ मे २०२४ ला होतं, त्याच टप्प्यात आयोगाच्या निमंत्रणावरून २३ देशांतले ७५ प्रतिनिधी आले होते, त्यांना महाराष्ट्रासह सहा राज्यांत नेलं गेलं. पण तो पाहुणचाराचा कार्यक्रम होता. काय पाहायचं हे यजमान ठरवतो, स्वतंत्र अहवाल कुणी देत नाही. त्याला निरीक्षण म्हणू नये.

परदेशी माणसाने आपलं मतदान पाहावं हे अनेकांना अपमानास्पद वाटतं, आणि फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत २००२ पासून युरोपची ती सुरक्षा संघटना पथकं पाठवते, तरी २०१२ मध्ये टेक्ससच्या महाधिवक्त्यांनी केंद्राच्या शंभर फुटांच्या आत आलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो, असं पत्र तिला लिहिलं होतं. आपली गोष्ट मात्र वेगळी असायला हवी, कारण आपण स्वतः या कामात पहिल्यापासून आहोत. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन १९५३ साली सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपले मुख्य निवडणूक आयुक्त नेपाळची निवडणूक पाहायला आंतरराष्ट्रीय निरीक्षक म्हणून गेले होते. दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहणाऱ्याने आपलं दार उघडं ठेवावं, असं मला वाटतं. पण त्याहून मोठी उणीव ही की आपल्याच देशातल्या, कुठल्याही पक्षाच्या नसलेल्या नागरिकांच्या गटाला केंद्रात बसून निरीक्षण करण्याची सरसकट सोय आपल्या पद्धतीत नाही. अनेक देशांत ती आहे आणि परदेशी पथकांपेक्षा तेच गट जास्त केंद्रांवर पोचतात, भाषा जाणतात आणि निकालानंतरही तिथेच राहतात. मागायचंच असेल तर आधी ते मागू या.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या काही जणींना मतदान केंद्रावर लक्ष ठेवायचं आहे. आम्हाला आत बसता येईल का?
*(कोरेगाव, जि. सातारा)*

उत्तर : निरीक्षक म्हणून नाही, पण उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधी म्हणून नक्की बसता येईल. त्यासाठी नमुना १० भरून उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही घ्यायची. मतदारयादीत तुमचं नाव त्याच भागातलं असेल तर उत्तम. पक्षाचे कार्यकर्ते बायकांना सहसा विचारत नाहीत, तुम्ही आपणहून जाऊन विचारा. अपक्ष उमेदवारांना तर माणसं मिळतच नाहीत. अभिरूप मतदान चुकवू नका, त्या आधी पोचा. जेवायला एक उठली तर दुसरी जागेवर हवी. यंत्रांचे आणि मोहोरांचे क्रमांक वहीत उतरवून घ्या. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांनी १७-सी ची प्रमाणित प्रत प्रतिनिधींना द्यायची असते, ती निवडणूक नियमांतली तरतूद आहे, उपकार नव्हे. घरी जायची घाई कितीही असली तरी ती प्रत घेतल्याशिवाय उठू नका, आणि मोजणीच्या दिवशी तुमच्या केंद्राचा क्रमांक पुकारला जाईल तेव्हा तो कागद टेबलाशी बसलेल्या तुमच्या मतमोजणी प्रतिनिधीच्या हातात असू द्या.